नाव बांधावी कुठे?

घर बांधणारा माणूस जागा एकदा निवडतो आणि पुढचे सारे आयुष्य त्या निवडीच्या आत राहतो. उजेड कोणत्या खिडकीतून येईल, पाऊस कोणत्या भिंतीवर झोडपेल, शेजारचे दार कोणाचे असेल, हे पाया खणण्याच्या दिवशीच ठरते आणि हळूहळू विस्मरणातही जाते. नावेत राहणाऱ्याला हे विस्मरण लाभत नाही. त्याचे घर तरंगते आहे, म्हणजे ते कुठेही असू शकते. आणि म्हणूनच ‘इथेच का?’ हा प्रश्न त्याच्यापुढे दर संध्याकाळी नव्याने उभा राहतो. पाण्यावर बारमाही राहू पाहणारी माणसे नावेच्या लांबीविषयी, इंजिनाविषयी, शेगडीविषयी तासन् तास बोलताना मी ऐकली आहेत. नाव बांधायची कुठे, हा विचार मात्र पुष्कळांच्या मनात नाव विकत घेऊन झाल्यावर येतो. तोवर त्यांनी निम्मेच घर घेतलेले असते.

माझे हे चिंतन इंग्लंडच्या कालव्यांवरचे आहे, कारण त्या पाण्यावर मी राहिले आहे. कोळसा, लोखंड आणि चिनीमाती वाहून नेण्यासाठी हे कालवे खणले गेले. ब्रिजवॉटरचा कालवा १७६१ साली खुला झाला आणि पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत त्या देशाच्या मध्यभागी पाण्याचे एक जाळे पसरले. मिडलँड्सकडच्या लॉकची, म्हणजे नाव एका पातळीवरून दुसरीवर नेणाऱ्या दारबंद हौदाची, रुंदी सात फुटांच्या किंचित वर, म्हणून नावेची रुंदी सात फुटांच्या किंचित आत. लांबी मात्र सत्तर फुटांपर्यंत. या लांबीतले मागचे दहाएक फूट नावाड्याच्या कुटुंबाचे असत. आई, बाप, मुले, चूल, बिछाना, रंगवलेले गुलाब आणि किल्ले, सारे त्या दहा फुटांत, आणि उरलेली सगळी नाव मालाची. पुढे माल रेल्वेने नेला, मग रस्त्यांनी. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठून राहिले आणि आधीच क्षीण झालेली ती वाहतूक बहुतांशी संपली. आज त्याच पाण्यावर अशी माणसे राहतात की ज्यांच्या नावेत माल कसलाच नाही. त्यांना कुठे पोचायचे नाही. आणि कुठे पोचायचे नसलेल्या माणसाने थांबावे कुठे, हे ठरवणे मालवाहू नावाड्याच्या प्रश्नाहून कितीतरी अवघड आहे.

तिथल्या कायद्याने या प्रश्नाची दोन उत्तरे मान्य केली आहेत. १९९५ च्या कायद्यानुसार परवाना हवा असेल तर नावेला एक कायमची जागा दाखवावी लागते. ती नसेल तर नाव खरोखरीच प्रवासात असावी लागते, आणि कोणत्याही एका ठिकाणी सलग चौदा दिवसांहून अधिक राहता येत नाही. परिस्थितीच तशी असेल, आजारपण असेल, बर्फ असेल, तर थोडी सवलत. पण किती दूर गेले म्हणजे प्रवास झाला, हे कायदा सांगत नाही. त्या मौनातून कितीतरी वाद आणि खटले निघाले. सन २०१२ पासून हे कालवे सांभाळणाऱ्या ट्रस्टने एप्रिल २०२४ पासून कायम जागा नसलेल्या नावांना परवान्यावर वाढीव शुल्कही लावले आहे. फिरणाऱ्याकडून अधिक काही मागावे, ही व्यवस्थेची फार जुनी वृत्ती आहे. जो सापडत नाही त्याला मोजता येत नाही, आणि मोजता न येणाऱ्या माणसाची राज्याला नेहमीच अस्वस्थता वाटत आली आहे.

चौदा दिवसांचा तो नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आपल्याकडचे परिव्राजक आठवले. गावात एक रात्र, नगरात पाच रात्री, असा दंडक काही संन्यासग्रंथांनी त्यांना घालून दिला आहे. एकाच झाडाखाली फार दिवस निजले की ते झाड आपले वाटू लागते, हे त्या शास्त्रकारांना नीट ठाऊक होते. इंग्लंडच्या कायद्यामागे वैराग्याची प्रेरणा अर्थातच नाही. तिथे काठ सर्वांना पुरावा एवढीच चिंता आहे. पण नियमाचा हेतू काहीही असो, जगणाऱ्याच्या मनावर होणारा परिणाम सारखाच. चौथ्या-पाचव्या दिवशी काठावरचा एक वाकडा विलो ओळखीचा होतो. आठव्या दिवशी पहाटे कुत्रा घेऊन फिरणारे गृहस्थ मान हलवून अभिवादन करू लागतात. बाराव्या दिवशी दुकानदारीण आपल्या आवडीचा पाव न सांगता काढून ठेवते, आणि चौदाव्या दिवशी लोखंडी खुंट्या उपटून, दोर गुंडाळून निघायचे असते. ज्यांना हे जमते त्यांच्याविषयी मला आदर आहे. ज्यांना जमत नाही त्यांच्याविषयी तो कमी नाही.

महाभारताच्या आदिपर्वात जरत्कारू नावाचा एक ऋषी आहे. जिथे संध्याकाळ होईल ते त्याचे घर. असा पृथ्वीभर हिंडताना एका गर्तेत त्याला काही क्षीण माणसे खाली डोके करून लोंबकळताना दिसतात. वाळ्याच्या एका तुटत आलेल्या मुळीला ती धरून आहेत आणि एक उंदीर ती मुळी कुरतडतो आहे. हे त्याचेच पितर. मुळीचा उरलेला तंतू म्हणजे तो स्वतः, आणि उंदीर म्हणजे काळ. त्यांच्यासाठी तो अखेर एका जागी राहायला तयार होतो, वासुकीच्या बहिणीशी विवाह करतो. पण एका सायंकाळी पत्नीच्या मांडीवर डोके ठेवून झोपलेला असताना संध्यावंदनाची वेळ टळू नये म्हणून ती त्याला जागे करते, आणि त्या एवढ्याशा निमित्ताने तो उठून निघून जातो. संध्याकाळ हेच ज्याचे घर होते, त्याचे घर संध्याकाळीच मोडले. ही कथा मी पुष्कळदा मनात घोळवली आहे. स्थिर राहण्याची हाक आपल्या आतून क्वचितच येते. ती येते आपल्यावर लोंबकळणाऱ्या माणसांकडून. म्हाताऱ्या आईला भेटायला किती वेळ लागेल, मुलाची शाळा कोणत्या पुलापाशी आहे, आपण आजारी पडलो तर कोणाला कळेल, या प्रश्नांच्या रूपाने ती येते. कालव्यावरच्या कितीतरी कुटुंबांनी शेवटी कायमची जागा घेतली ती मुलाच्या शाळेपायी. ज्यांनी घेतली नाही, ती शाळेपासून दोन्ही दिशांना थोडी थोडी सरकत राहतात, आणि त्यांचे हे सरकणे प्रवास ठरते की नाही, याचा निर्णय कोणीतरी परका माणूस करतो.

पण हे सारे मोठे प्रश्न मनात येण्याआधी पाणी लागते, प्यायचे पाणी. नाव पाण्यावर असते, आणि तरी तिच्यातला माणूस सतत पाण्याच्या चिंतेत असतो. टाकी आठवडाभर पुरेल, जपून वापरली तर त्याहून थोडी अधिक. मग नळापर्यंत नाव न्यावी लागते. शौचपेटी रिकामी करण्याची जागा वेगळी, कचरा टाकण्याची वेगळी. नकाशावर माझी नजर सुंदर वळणांवरून घसरत पहिल्यांदा नळाच्या खुणेपाशी थांबत असे. त्यात अरसिक काही नाही. मुंबईजवळच्या कान्हेरीला गेलात तर पाहा, खडकात खोदलेल्या त्या विहारांच्या दारापाशी पाण्याची टाकी खोदलेली आहेत. शिलालेखांतून त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. सोपारा आणि कल्याण ही बंदरे फार दूर नाहीत, भिक्षा मिळेल एवढे जवळ नगर आणि कोलाहल ऐकू येणार नाही एवढे दूर. सर्वसंगपरित्याग केलेल्या माणसांनी राहण्याची जागा किती बारकाईने निवडली होती! ज्याला थोडक्यात राहायचे असते त्याला जागेकडे अधिक काटेकोरपणे पाहावे लागते. मोठ्या घरातला माणूस वाईट जागेची भरपाई वस्तूंनी करू शकतो. सात फूट रुंदीच्या घरात भरपाईला जागा नसते.

मग उजेड. लंडनच्या अक्षांशावर डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून पंधराएक अंशांवर येतो आणि चार वाजायच्या आत मावळतो. उन्हाळ्यात ज्या गर्द झाडीने मन मोहून टाकले तिच्या सावलीत छतावरची सौरपट्टी निकामी होते. फांद्या वादळात कोसळतात, पानगळ छतावर कुजते, खिडक्यांच्या चौकटींवर शेवाळ धरते. काठची वाट, जिच्यावरून कधी नाव ओढणारे घोडे चालत, ती पक्की आहे की पावसात घोट्यापर्यंत चिखल, हेही पाहावे लागते. कारण कोळशाचे पोते शेवटी खांद्यावरूनच येते. काही टप्प्यांवर कोळसा, डिझेल आणि गॅस घेऊन एक मालनाव फिरते आणि ती आली की रांगेतल्या साऱ्या नावांची दारे उघडतात. अशा नावेच्या फेऱ्यात आपण बसतो का, हे हिवाळ्यात फार महत्त्वाचे ठरते.

ऑक्सफर्ड कालव्याचा नॅप्टन आणि क्लेडन यांमधला माथ्याचा टप्पा मला विशेष प्रिय आहे. अकरा मैलांचा हा टप्पा, आणि दोन टोकांमधले सरळ अंतर त्याच्या निम्म्याहूनही कमी! कालवे बांधणारा अभियंता जेम्स ब्रिंडली याच्या पद्धतीने तो जमिनीच्या समान उंचीची रेषा धरून खणला गेला. टेकडी आली की तिला वळसा, ओहोळ आला की त्याच्या बाजूने वाकणे. ताशी चार मैलांच्या वेगमर्यादेने जाताना एकच शेतघर आधी डावीकडे, मग समोर, मग उजवीकडे दिसते. घाईत असलेल्या माणसाला ही वळणे म्हणजे शिक्षाच वाटेल. पण लॉक खर्चिक होते, पाणी दुर्मिळ होते, आणि आपली उंची न सोडता पुढे जाण्याचा तो सर्वांत शहाणा मार्ग होता. अशा पाण्याकाठी राहिले की अंतराविषयीच्या कल्पना बदलतात. एखादी जागा कशापासून किती जवळ आहे, हे नकाशावर पट्टी ठेवून कळत नाही.

एल. टी. सी. रोल्ट यांचे नाव इथे घ्यायलाच हवे. १९३९ च्या उन्हाळ्यात नवविवाहित पत्नीसह ते ‘क्रेसी’ नावाच्या नावेवर बॅनबरीहून निघाले, आणि त्या प्रवासावरचे त्यांचे ‘नॅरो बोट’ हे पुस्तक १९४४ साली आले. कालव्यांवर फिरण्याची ओढ इंग्रज मनात नव्याने जागवणारे ते पुस्तक. पण ते प्रसिद्ध झाले तेव्हा क्रेसी हिंडत नव्हती. महायुद्ध सुरू झाले होते, आणि १९४१ पासून पाच वर्षे ती वूस्टर-बर्मिंगहॅम कालव्यावर टार्डेबिग इथे, तीस लॉकांच्या त्या प्रचंड उतरणीच्या माथ्याशी, एकाच जागी बांधलेली होती. प्रवासाचे पुस्तक जगाने वाचले ते लेखक थांबलेला असताना. पुढे १९४५ साली रॉबर्ट एकमन हे लेखक त्यांना तिथेच येऊन भेटले आणि त्या भेटीतून कालवे वाचवणारी संस्था १९४६ साली उभी राहिली. क्रेसी फिरत राहिली असती तर ती भेट झालीही असती, कुणी सांगावे; पण नाव ठरलेल्या ठिकाणी असली म्हणजे जग आपल्याला शोधत येऊ शकते, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

कालव्याचे पाणी एका पातळीला राहते, निदान राहायला हवे. भरती-ओहोटीच्या पाण्यावर नाव बांधणे ही वेगळीच विद्या. लंडनमध्ये थेम्स उधाणाच्या दिवशी सहा-सात मीटर वर-खाली होते. दोर आखूड बांधला तर ओहोटीत नाव लोंबकळते, फार सैल सोडला तर भरतीत ती भलत्याच जागी जाऊन बसते. बॅटर्सीच्या काठी जुन्या मालवाहू बार्जेसवर राहणाऱ्या माणसांची गोष्ट पेनेलोप फिट्झजेरल्ड यांनी ‘ऑफशोअर’ या कादंबरीत सांगितली. १९७९ चे बुकर तिला मिळाले. दिवसातून दोनदा तरंगणारी आणि दोनदा चिखलात बसणारी ती घरे, आणि जमीन व पाणी यांपैकी कशाचीच पुरती न झालेली ती माणसे. लेखिका स्वतः मुलांसह तशा बार्जवर राहिली होती, आणि तिची बार्ज खरोखरीच बुडाली. ती कादंबरी वाचताना मला सतत वाटत राहिले की चांगल्या जागेची निवड ही सगळ्यांना परवडणारी गोष्ट नसते. पुष्कळ माणसे जिथे भाडे झेपते तिथे नाव बांधतात आणि मग त्या जागेवर प्रेम करायला शिकतात.

आपल्या कोकणच्या दर्यावर्दींना हे सारे सांगण्याची गरज नाही. खाडीचे कोणते वळण वाऱ्याच्या आड आहे, कोठे गाळ मऊ आहे आणि कोठे खडक, उधाणाचे पाणी कुठवर चढते आणि भांगाला किती राहते, यावरच त्यांची होडी वर्षानुवर्षे टिकते. आणि पावसाळ्याच्या तोंडावर ती किनाऱ्यावर ओढून, झापांनी शाकारून, नारळी पौर्णिमेची वाट पाहायची असते. जागेची निवड चुकली की काय होते, याचे एक दारुण चित्र आपल्या इतिहासात आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांचे आरमार विजयदुर्गाच्या आश्रयाला दाटीने, एकमेकींना बांधून उभे होते. इंग्रजांच्या तोफांचा एक गोळा एका जहाजावर पडला, आग त्या दोरांवरून आणि शिडांवरून पसरत गेली, आणि ज्या आरमाराचा पश्चिम किनाऱ्यावर दरारा होता ते एका दिवसात जळून गेले. किल्ल्याची तटबंदी शाबूत होती. वाघोटणची खाडी पाठीमागे आत दूरवर पसरलेली होती. त्या दिवसाचा विचार मनात आला की मी अजून हळहळते.

दाटीने बांधलेल्या नावांचा एक सूक्ष्म धोका शांततेतही असतो, आणि तो समजला तेव्हा मी बराच वेळ विचारात बुडाले. मरिनात काठावरून वीज घेता येते, मोठीच सोय. पण त्या तारेतल्या अर्थिंगमुळे पोलादी नावांचे तळ एकमेकांशी जोडले जातात, पाणी त्यांच्यात मध्यस्थ होते, आणि साऱ्या रांगेची मिळून एक मोठी बॅटरी बनते. मग ज्या नावेचा धातू अधिक दुबळा, तिचा तळ हळूहळू झिजू लागतो. म्हणून गोड्या पाण्यात तळाला मॅग्नेशियमचे ठोकळे लावतात, की झिजायचे ते त्यांनी झिजावे, आणि तारेत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवतात, की वीज यावी पण ही देवघेव थांबावी. शेजार माणसाला उबही देतो आणि त्याच वाटेने त्याच्यातले काही नेतही असतो. त्यावर उपाय शेजार तोडणे हा नाही. ठोकळे वेळेवर बदलावेत आणि दोन-तीन वर्षांनी नाव पाण्याबाहेर काढून तळाला डांबराचा हात द्यावा, एवढे पुरते.

ॲमस्टरडॅमने निवडीचे दुसरे टोक गाठले आहे. तिथे सुमारे अडीच हजार घरनावा आहेत, त्यांतल्या अनेकींना इंजिनच नाही; काँक्रीटच्या तळावर उभी ती घरे नळाला, विजेला, सांडपाण्याच्या वाहिनीला जोडलेली. बांधण्याच्या जागेचे नवे परवाने मिळत नाहीत, म्हणून जागेचे मोल पुष्कळदा तिच्यावरच्या नावेहून अधिक असते. ही माणसे पाण्यावर राहतात, पण तिथल्या निवडीचा दिवस त्यांच्यासाठी कायमचा मागे पडला आहे. मी त्यांना दोष देत नाही. मला स्वतःला मात्र असे वाटते की वर्षातून एकदा तरी दोर सोडता येणार नसेल तर पाण्यावर राहण्यातले काहीतरी आपण काठाला देऊन टाकले.

सर्वांत मोठी परीक्षा हिवाळ्याची. बुद्धाने भिक्षूंना पावसाळ्यात एका ठिकाणी राहायला सांगितले, वर्षावास; जैन साधूंचा चातुर्मासही तोच. बारा महिने हिंडण्याचे व्रत घेतलेल्यांनाही तीन-चार महिने थांबावे लागते. हा नियमभंग न मानता त्या परंपरांनी त्याला व्रताचाच भाग केले, यात मनुष्यस्वभावाची केवढी जाण आहे. इंग्लंडच्या कालव्यांवरही नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर हिवाळी मुक्कामाच्या जागा पैसे भरून मिळतात. त्याच काळात लॉकांची दुरुस्ती निघते, कालवा ठिकठिकाणी बंद होतो, पाण्यावर बर्फाचा थर धरतो, आणि ज्या टप्प्यात आपण असू त्यातच अडकून राहावे लागते. तेव्हा शेजारी कोण आहे, हे कळते. रात्री पाण्याची पातळी उतरून नाव कलली तर दोर सैल करायला कोण उठेल, धुराड्यातून धूर दिसला नाही तर दार कोण ठोठावेल. जूनमध्ये सगळेच काठ सुंदर असतात आणि सगळीच माणसे हसतमुख.

म्हणून कोणी नावेत राहायला निघाले असेल तर माझे सांगणे एवढेच. जागा पाहायला नोव्हेंबराच्या अखेरीस जा, पाऊस पडून गेल्यावर, दुपारी तीनच्या सुमारास. गाडी दूर ठेवून काठच्या वाटेने चालत जा. नळ कुठे आहे ते पाहा, तो गोठतो का ते विचारा. ज्या नावेच्या धुराड्यातून धूर येत असेल तिच्या दारावर हलकेच टकटक करा आणि आतल्या माणसाला विचारा की गेला हिवाळा कसा गेला. चहा पुढे आला तर नाही म्हणू नका, बसा, आणि अंधार पडेपर्यंत थांबा. करारावर सही त्यानंतरच करा.